पप्पांनी दिलेला पांढरा दिवा

डहाणूजवळ मसोलीला माझ्या सासरी खळ्याच्या कोपऱ्यात एका खांबावर हॅलोजन होता. पत्र्याचा डबा, पुढे काच, आत बोटाएवढा रॉड. बटण दाबलं की खळं पिवळंधमक व्हायचं आणि थोड्याच वेळात खाली बसलेल्या माणसाचं टाळकं तापायचं. किडे काचेवर आपटायचे, भाजायचे आणि चिकूंच्या ढिगात येऊन पडायचे. लग्न झाल्या झाल्या मला त्या जळक्या वासाने मळमळायचं. जेवताना हाताला तोच वास, झोपताना उशीला तोच वास. पण नव्या सुनेने कशाकशाला नाकं मुरडायची?

ह्या खळ्यावरच आमचं घर चालायचं. वाडीतले चिकू सकाळी उतरवायचे, दुपारी धुवायचे आणि दिवस कलला की निवडायला बसायचं. मोठं फळ एकीकडे, बारीक दुसरीकडे, हे कुणालाही जमतं. खरी मेख तयार फळ आणि कोवळं फळ ओळखण्यात. वरून दोन्ही सारखीच मातकट. अंगठ्याने सालीवरचा भुरका पुसायचा, शंका आली तर नखाने हलकाच ओरखडा काढायचा. आत पिवळसर दिसलं तर फळ तयार, हिरवं दिसलं तर कोवळं. कोवळं फळ पेटीत गेलं तर ते पिकत नाही, दगड होऊन बसतं आणि चावलं तर चीक ओठांना चिकटतो.

हे शेवटचं निवडणं फक्त सासरे करायचे. ढिगाच्या टोकाला त्यांचा पाट. आम्ही बायका फळ पुढे सरकवणार आणि ते हातात फिरवून ठरवणार. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पेटीवर निळ्या रंगाची खूण असायची आणि बाजारात ती खूण बघितली की व्यापारी पेटी उघडूनसुद्धा बघत नसत. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. वाडीचा हिशेब-व्यवहार मोठे दीर बघत, माझा नवरा झाडांचं बघे. सासऱ्यांकडे राहिला होता तो हा पाट. त्यावर बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची, आवाज चढायचा. एकदा मोठे दीर गमतीत म्हणाले, "बाबा, आता मी बसू का तुमच्या जागी?" तर बाबांनी असं काही बघितलं, की दीर फळं सोडून विहिरीवर हात धुवायला गेले.

माझं माहेर उधव्याचं. गुजरातची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माझ्या बोलण्यात मधेच गुजराती शब्द टपकायचा आणि खळ्यावर हशा पिकायचा. पप्पांचं तिथे छोटंसं दुकान. पंखे दुरुस्त करायचे, मोटारींचं वाइंडिंग करायचं, दिवे विकायचे. तेव्हा गावोगाव एलईडीचं वारं आलं होतं. घरातले पिवळे बल्ब सगळीकडे उतरत होते. आमच्याकडेही स्वयंपाकघरात, पडवीत पांढरे दिवे आले, पण खळ्यावरच्या हॅलोजनला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मग दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात एके संध्याकाळी ऐन निवडताना रॉड फट्‌कन उडाला आणि मी बोलून गेले, "बाबा, हा दिवा आहे का शेगडी? पप्पांना सांगते, एलईडी बसवून देतील."

"इतकी वर्षं ह्याच दिव्याखाली बसतोय. काय वाईट झालं?" बाबा म्हणाले.

"वाईट काही नाही हो, पण चांगलं झालं तर चालेल ना?"

बायका खुदकन हसल्या. माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही, आईने लहानपणी त्यापायी पुष्कळ धपाटे घातलेत. बाबा हसले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

पप्पा स्वतः आले. एसटीने, मांडीवर खोकं घेऊन, काचेचं भांडं आणावं तसं. शिडीवर चढले, जुना डबा उतरवला, नवा चपटा दिवा बसवला, वायर नीट खिळ्यांनी ठोकली. अंधार पडायला लागल्यावर मला म्हणाले, "तू दाब, बेटा." मी बटण दाबलं आणि खळं लख्ख झालं. निवडायला येणारी एक म्हातारी हात जोडून ओरडली, "अगो बाई, सूर्वेदेव आला की काय!" पप्पांचा चेहरा असा फुलला, की मला माझ्याच नशिबाचा हेवा वाटला. लेकीच्या सासरी आपल्या हातचा दिवा लागलाय, रोज इतकी माणसं त्याखाली बसणार आहेत, आणखी काय पाहिजे माणसाला? बाबांनी मात्र कपाळावर हात आडवा धरला. "डोळ्यांत सुया टोचतात," म्हणाले. मी मनात म्हटलं, होईल सवय.

सवय कुठली व्हायला! महिनाही झाला नसेल. एका दुपारी मोठे दीर बाजारातून आले ते चपला काढायच्या आधीच एक पेटी ओट्यावर आपटून उभे राहिले. निळ्या खुणेची पेटी, परत आलेली. आत निम्मे चिकू दगडासारखे. "चार लोकांत उभं करून ऐकवलं मला," ते म्हणाले. "म्हणे, तुमच्या खुणेला आता आम्ही पेटी उघडून बघायची का?"

बाबांनी एक फळ उचललं. खूप वेळ हातात फिरवलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, आणि तेव्हा मी तो वाचला नाही ह्याचं नवल वाटतं. मग फळ पेटीत टाकून ते म्हणाले, "मी असं फळ सोडणार नाही. तो दिवा आहे. त्या पांढऱ्या उजेडात हिरवं-पिवळं एकच दिसतं."

झालं! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कुणी काही बोललं असतं तर मी चार शब्द ऐकवले असते, पण कुणी बोलेचना. नवऱ्याने शिडी आणली, पप्पांनी ठोकलेले खिळे पकडीने उपटले, एलईडी काढून माळ्यावर टाकला आणि जुन्या डब्यात नवा रॉड घालून हॅलोजन परत चढवला. मी पडवीच्या दारात उभी राहून बघत होते. वाटत होतं, दिवा नाही, पप्पांनाच धरून खाली उतरवताहेत. रात्री नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, मनाला नको लावून घेऊस." जाऊ दे म्हणायला ह्याचं काय जात होतं!

दुसऱ्या दिवशी खळ्यावर नुसती चेष्टा. "सूनबाईचा चांदोबा मावळला गो!" "उधव्याला अशा उजेडात चिकू निवडतात होय?" "तिकडे चिकू कुठले, तिकडे ताडगोळे!" मी हसत होते, पण कानशिलं तापली होती. मुंडी खाली घालून मी फळं सरकवत राहिले आणि नेमकं त्यामुळेच मला ते दिसलं. मान वर असती तर दिसलंच नसतं.

बाबांच्या डाव्या हाताला तयार फळांची टोपली होती, तिला लागून मी बसले होते. त्यांनी एक चिकू उचलला, भुरका पुसला, नखाने ओरखडा काढला, डोळ्यांजवळ नेला आणि टोपलीत टाकला. फळ माझ्यासमोर येऊन थांबलं. ओरखडा हिरवागार. मला वाटलं, चुकून झालं असेल. मी ते उचलून बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने दुसरं आलं. तेही हिरवं. पिवळा हॅलोजन डोक्यावर भगभगत होता, माझ्या अंगाला त्याची धग लागत होती आणि बाबा हिरवं फळ डोळ्यांशी नेऊन, मान हलवून, तयार फळांत टाकत होते.

मग एकेक आठवायला लागलं. दोरीवर वाळत घातलेल्या नवऱ्याच्या शर्टाला त्यांनी "कोण आलंय?" म्हणून विचारलं होतं. चहाचा कप ते आधी बोटांनी चाचपायचे. पेपर रोज घेऊन बसायचे, पण त्यातली बातमी कधी सांगायचे नाहीत, दुसऱ्याने सांगितली की "हो, वाचली मी" म्हणायचे. आणि मला आठवलं, त्यांच्या वडिलांचा एक डोळा कुठल्याशा शिबिरातल्या ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. डॉक्टरचं नाव काढलं की बाबा उठून वाडीत निघून जायचे, ते का, हे तेव्हा कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पप्पांचा दिवा निर्दोष होता! पण झाला नाही. खोटं ते बोलले होते आणि सापडल्यासारखी लाज मात्र मला वाटत होती. एखाद्या मोठ्या माणसाच्या खोलीचं दार चुकून उघडावं आणि तो धोतर बदलत असावा, तसं झालं. मी पटकन तिसरं हिरवं फळ उचललं, पायाशी पडलेलं रिकामं पोतं जवळ ओढलं आणि फळ त्यात सोडलं.

त्या दिवसापासून मी माझी जागा सोडली नाही. बाबांच्या डाव्या हाताला, टोपलीला गुडघा लावून. फळ टोपलीत पडलं की मी लगेच बघायची, हिरवं असेल तर उचलून पोत्यात. पोतं चांगलं जाड होतं, तळाशी पेंढा घातला होता, आवाज व्हायला नको म्हणून. मी तोंडाने सतत काहीतरी बडबडत असायची, ते त्यासाठीच. बायका म्हणायच्या, ही तोंडाची टकळी बंदच करत नाही. निवडणं संपलं की पोतं उचलून गोठ्यामागे रिकामं करायची. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्याने दादांना सांगितलं असतं आणि दादांनी दुसऱ्या दिवशी पाट उचलला असता. पाट गेला तर म्हातारा कशासाठी उठेल सकाळी?

आणि आता गंमत बघा. माझ्या निवडण्याने पेट्या परत चोख जायला लागल्या. बाजारातून तक्रार नाही. दीर येऊन सांगायचे, "बघा, दिवा बदलला आणि माल सुधारला की नाही!" म्हणजे मी जेवढं निस्तरत होते, तेवढा पप्पांच्या दिव्यावरचा डाग पक्का होत होता. स्वतःच्या हाताने, रोज संध्याकाळी! कधीकधी असा संताप यायचा की वाटायचं, आज राहू दे हिरवी फळं टोपलीत, जाऊ दे पेटी, कळू दे सगळ्यांना. मग बाबांचं ते डोळ्यांजवळ फळ नेणं दिसायचं आणि हात आपोआप पुढे व्हायचा. डहाणूच्या बाजारात दिव्यांच्या दुकानावरून जातानाही मी पदर ओढून घ्यायची, जसं काही तिथल्या माणसालाही माहीत होतं, की हीच ती, हिच्याच बापाने दिलेल्या दिव्याने घराण्याची खूण बुडवली.

बाबा माझ्याशी कमी बोलायला लागले. मला वाटलं, माझा राग आहे.

संक्रांतीच्या सुमाराला पप्पा आले. तिळगूळ द्यायला म्हणून, पण खरं म्हणजे आपला दिवा बघायला. मी त्यांना काही कळवलंच नव्हतं. काय तोंडाने कळवणार? आम्ही निवडायलाच बसलो होतो. ते फाटकातून आत आले, खळ्याच्या कडेला थांबले आणि त्यांनी वर बघितलं. पिवळा हॅलोजन. त्यांच्या हातात तिळगुळाचा डबा होता. त्यांनी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"दिवा बिघडला का?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आधी दीरच सांगायला लागले. वाईट माणूस नाही तो, पण त्याला घडलेलं सगळं रंगवून सांगायची सवय. पेटी कशी परत आली, चार लोकांत कसं नाक कापलं गेलं, मग जुना दिवा लावला आणि दुसऱ्या दिवसापासून माल कसा पहिल्यासारखा. "तुमचा काही दोष नाही हो काका," शेवटी म्हणाले, "पण चिकूचं काम तुमच्याकडे नाही ना, तुम्हाला कसं कळणार!"

बायकांचे हात थांबले होते. पप्पा ऐकत होते. माझे पप्पा, जे गिऱ्हाइकाने पंख्याबद्दल शंका काढली तर तासभर हुज्जत घालतात, ते नुसते मान हलवत होते. मग ते बाबांच्या पाटापुढे आले, जरा वाकले आणि म्हणाले, "भाऊ, चुकलं आमचं. पोरीने हौसेने मागितला, मी हौसेने दिला. तुमच्या इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा लागला. तो दिवा द्या, मी परत घेऊन जातो."

धरणी दुभंगावी असं लोक म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवलं. माझ्यामुळे माझा बाप वाकून उभा होता. आणि का? तर मी गप्प बसले म्हणून. माझ्या गुडघ्याशी पोतं होतं, त्यात त्याच संध्याकाळची हिरवी फळं होती. नुसतं पालथं करायचा अवकाश! मी पोत्याचं तोंड धरलं. घट्ट धरलं. मी बाबांकडे बघितलं. ते कुणाकडेच बघत नव्हते, त्यांच्या हातात एक चिकू होता आणि अंगठा त्यावरून फिरत होता. मी पोत्याचं तोंड सोडून दिलं आणि मान खाली घातली. नवरा माळ्यावरचा दिवा आणायला उठला.

"बस खाली," बाबा म्हणाले.

तो बसला नाही, उभाच राहिला.

"दिव्याचं काही नाही," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचा चढा नव्हता. "मला दिसत नाही. हिरवं नाही दिसत, पिवळं नाही दिसत. गेल्या वर्षापासून कमी कमी होत गेलं."

दीर म्हणाले, "बाबा, काहीतरीच काय! मग माल कसा चोख जातो रोज?"

"ही काढते." त्यांनी माझ्याकडे न बघता डावा हात माझ्या दिशेने केला. "मी टाकलेलं फळ ही उचलते. तिच्या पायाशी पोतं आहे. मला वाटतं, खाली पेंढा घातलाय तिने. पण ऐकू येतं. डोळे गेलेत, कान नाही गेले. एकेक फळ पडताना ऐकलंय मी."

पेंढ्याचंसुद्धा त्यांना माहीत होतं. मी जी बडबड करायची, ती कशासाठी करते हेसुद्धा त्यांना माहीत असणार. रोज संध्याकाळी ते फळ टाकत होते, मग माझ्या पोत्याकडे कान लावून बसत होते आणि आपण किती वेळा चुकलो ते ऐकत होते. मला वाटलं होतं, मी त्यांची अब्रू झाकतेय. मी तर त्यांना रोज त्यांच्याच चुका ऐकवत होते.

खरं सांगते, हेच ऐकायला मी इतके दिवस तडफडत होते. पप्पांच्या देखत, सगळ्यांच्या देखत. आणि ते ऐकल्यावर मला वाटलं, पुढे होऊन म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या, ती सूर्वेदेववाली म्हातारी "गुणाची गो पोर" असं पुटपुटली, आणि मला त्या कौतुकाचीच इतकी लाज वाटली, की मी उठून सरळ गोठ्यामागे गेले. तिथे हिरव्या चिकूंचा ढीग पडला होता. काही सडले होते, काही तसेच टणक. मी तिथे उभी राहून रडले. पप्पा शोधत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "चल, तिळगूळ घे" एवढंच म्हणाले.

बाबांना ऑपरेशनला न्यायला पुढे फार त्रास पडला नाही. एकदा बोलून टाकल्यावर त्यांचा विरोधच संपला होता. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पुरता पिकला होता, अशाला पांढरा झगझगीत उजेड जास्तच टोचतो. म्हणजे दिव्याचाही थोडा दोष होताच म्हणायचा. मी ते पप्पांना कधी सांगितलं नाही.

काळा चष्मा उतरल्यावर नवऱ्याने न सांगता एलईडी परत खांबावर चढवला. हॅलोजनचा डबा भंगारात गेला. बाबांची नजर छान आली होती, पेपर वाचून आता बातम्या सांगायचे, शर्टाला शर्ट म्हणायचे. फक्त माझ्याकडे बघायचे नाहीत. ताट वाढलं की नजर ताटात, पाणी दिलं की नजर तांब्यात. मीही बघायची नाही. नजर आली आणि आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो.

पहिल्यांदा ते परत पाटावर बसले, तेव्हा मी मुद्दाम ढिगाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले. डाव्या हाताची जागा रिकामी होती. पोतं मात्र तिथेच पडून राहिलं होतं, ते उचलायचं कुणाला सुचलं नव्हतं. पांढऱ्या उजेडात त्यांनी एक चिकू उचलला, ओरखडा काढला, बघितला. "हिरवा," म्हणाले. बाजूला कोवळ्या फळांची वेगळी टोपली होती. तिकडे त्यांचा हात गेला, अर्ध्यावर थांबला, वळला आणि त्यांनी ते फळ माझ्या पोत्यात सोडलं.

पेंढ्यावर फळ पडल्याचा आवाज झाला. ढिगाच्या पार टोकाला बसून मलाही तो स्पष्ट ऐकू आला. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि निवडत राहिलो.